वीस वर्षं न उपसलेली टाकी

“आमची सेफ्टी टाकी बघा, वीस वर्षं झाली, एकदाबी उपसायला लागली नाही. तवाचं बांधकाम म्हंजे बांधकाम!”

आमच्या कॉलनीतले एक निवृत्त गुरुजी हे वाक्य असं ऐकवतात, की जणू नातू कलेक्टर झालाय. परवा चहाच्या गाड्यावर पुन्हा तोच विषय निघाला, तेव्हा न राहवून विचारलं, “गुरुजी, मग वीस वर्षांचं सगळं गेलं कुठं?”

“जिरलं की.”

“कुठं जिरलं?”

“जमिनीत. आणि कुठं जाणार?” असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला आणि गाडी मिसळीच्या दराकडे वळवली.

हा लेख त्या ‘जिरलं की’बद्दल आहे, म्हणजे संडासच्या टाकीतला मैला शेवटी जातो कुठं, याबद्दल. जेवता जेवता वाचत असाल, तर आधी जेवून घ्या.

आत्ताच हा विषय काढायला दोन कारणं आहेत. पहिलं, थेट पाईपलाईन. कित्येक वर्षं कोल्हापूर ज्यासाठी भांडलं ते काळम्मावाडी धरणाचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं आणि लोकांनी आनंद केला. करायलाच हवा होता. पण पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर लोकांचा एक ठोकताळा आहे: घरात आलेल्या दर १०० लिटर पाण्यातलं साधारण ८० लिटर वापरून, घाण होऊन बाहेर पडतं. येणाऱ्या पाईपलाईनचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. जाणाऱ्या पाण्याची वाट विचारली, की सगळे गुरुजींसारखे मिसळीवर येतात.

दुसरं कारण हद्दवाढ. कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली आणि हद्दवाढीचा वाद जवळपास तेवढाच जुना आहे. वाद चालू राहिला, तसं शहरही वाढत राहिलं, फक्त हद्दीबाहेर: पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी. कुठं दीड गुंठ्यात बंगला, कुठं पाच मजली अपार्टमेंट, खाली पार्किंग आणि पार्किंगच्या फरशीखाली टाकी. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण निघालं. घरफाळा वाढेल का, केएमटीची बस येईल का, शेतावर आरक्षण पडेल का, यावर गावागावांत सभा झाल्या. मैला कुठं जाईल, हे एकाही भाषणात माझ्या कानावर पडलं नाही.

टाकीत नेमकं होतं काय

मूळ शब्द ‘सेप्टिक टँक’. म्हणजे जिथं हवेशिवाय कुजणं चालतं अशी टाकी. आपल्याकडे गवंड्यापासून इंजिनिअरच्या एस्टिमेटपर्यंत तिची ‘सेफ्टी’ झाली. माझं मत असं की या एका अपभ्रंशानं बरंच नुकसान केलं. नावातच सुरक्षितता आल्यावर झाकण उघडून बघणार कोण?

ती कशी चालते हे कोल्हापूरकराला गुऱ्हाळावरून सांगता येईल. काहिलीत रस तापला की मळी वर येते, गुळव्या ती झाऱ्यानं काढत राहतो, आणि जड गाळ तळाशी जातो. संडासच्या टाकीतही असेच थर पडतात, फक्त विस्तव नसतो. तेलकट, हलकं ते वर तरंगतं. जड ते खाली बसतं. मधे राहतं गढूळ पाणी, आणि हे मधलं पाणीच टाकीच्या दुसऱ्या तोंडानं बाहेर पडतं. नियमाप्रमाणे ते शोषखड्ड्यात जायला हवं, म्हणजे दगड-विटांच्या खड्ड्यात, जिथून ते हळूहळू जमिनीत मुरेल.

तळाशी बसलेल्या मैल्याला जिवाणू खात राहतात. त्यातून गॅस निघतो, म्हणून टाकीला उंच पाईप असतो. गोबरगॅसच्या डोममध्ये जे चालतं तेच इथं चालतं, फक्त थंडपणे आणि अर्धवट. हे ‘अर्धवट’ महत्त्वाचं. जिवाणू सगळं संपवत नाहीत. माणशी वर्षाला साधारण ४० ते ८० लिटर गाळ तळाशी उरतोच. पाच माणसांचं घर धरा: वर्षाला २०० ते ४०० लिटर. तीन हजार लिटरच्या टाकीचा तिसरा हिस्सा गाळानं भरायला तीन ते पाच वर्षं पुरतात. तेवढा भरला की मैल्याला खाली बसायला निवांत जागा उरत नाही, आणि आलेला माल तसाच पुढं वाहतो. म्हणूनच टाकी दोन-तीन वर्षांतून एकदा उपसावी असं सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात.

मग गुरुजींची भरली का नाही?

भरली असणार, आणि बहुधा पंधरा वर्षांपूर्वीच. भरलेली टाकी उतू जाईलच असं नाही. एका बाजूनं येतं तेवढं दुसऱ्या बाजूनं निघून जातं, त्यामुळे घरात बसून काही कळत नाही. टाकी मग टाकी राहत नाही, तिचा रुंद पाईप होतो.

दुसरी शक्यता अशी की टाकीला तळच नसेल. पुष्कळ ठिकाणी खाली काँक्रीट न करता मुरूम तसाच सोडतात. ‘जिरायला बरं’ म्हणून गवंडीच सुचवतो, मालकाचे पैसे वाचतात, टाकी कधी भरत नाही आणि दोघांचं नाव राहतं. त्याच दीड गुंठ्यात पंधरा-वीस फुटांवर बोअर असतं, हे मात्र कुणी नकाशावर काढून बघत नाही.

तिसरी शक्यता सगळ्यात सर्रास दिसते. शोषखड्डा खणलाच नाही, किंवा खणला आणि तो तुंबला. मग टाकीचा पाईप सरळ समोरच्या गटारीत. आमच्या कॉलनीत सकाळी आठच्या सुमाराला, बादल्यांवर बादल्या ओतायच्या वेळी, गटारीच्या कडेनं चालून बघा. साबणाच्या पाण्याचा एक वास असतो आणि त्याच्या खालून येणारा दुसरा. गटार ओढ्याला, ओढा नाल्याला, नाला पंचगंगेला. ‘जमिनीत जिरलं’ याचा खरा नकाशा बऱ्याचदा हा असतो.

गाडी येते, गाडी जाते

काही लोक टाकी उपसतात, मीही उपसतो. म्हणून आपण शहाणे अशी माझी समजूत होती, ती गेल्या उन्हाळ्यात उतरली.

मैल्याची गाडी रात्री साडेदहाला आली. ट्रॅक्टरला जोडलेली टाकी, पंप, आणि पायानं रेटून सरळ करायचा जाड काळा पाईप. वीस मिनिटांत काम झालं. पैसे देताना सहज विचारलं, “कुठं नेता हे?”

ड्रायव्हर हसला. “सायेब, तुमी सांगा की कुठं सोडू. जागा हाय का कुठं? कोन शेतकरी घेतला तर शेतात. न्हाईतर बघायचं, अंधार आसतोय.”

मी काही बोललो नाही. त्याचा दोष काढावा अशी माझीही जागा नव्हती. मी स्वच्छतेचे पैसे दिले होते आणि प्रत्यक्षात माझ्या घरापासून लांब नेण्याचे दिले होते.

एक टँकर म्हणजे किती घाण, याचा एक हिशेब या क्षेत्रात काम करणारे जगभर सांगतात: पाच हजार लिटर मैल्याची एक गाडी उघड्यावर ओतणं म्हणजे पाच हजार माणसांनी त्या दिवशी त्या जागी उघड्यावर बसणं. घराघरात संडास झाले, गाव हागणदारीमुक्त झालं, पाटी लागली, आणि ओढ्याकाठी एका रात्रीत पाच हजार माणसं बसून गेली.

नदीला याचा त्रास कसा होतो ते समजायला एकच तांत्रिक शब्द लागेल: बीओडी. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन फस्त करतात, त्याचं हे माप. म्हणजे घाणीची भूक म्हणा. आंघोळीच्या लायक नदीत हा आकडा दर लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. घरांतून येणाऱ्या साध्या सांडपाण्यात तो शेकड्यांत असतो. टाकीच्या तळाच्या मैल्यात तो हजारांत जातो. एवढी भूक नदीत उतरली की माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन उरत नाही. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचे फोटो आपण पेपरात अनेकदा पाहिलेत.

इथं न्यायानं बोललं पाहिजे. पंचगंगा एकट्या टाक्यांनी खराब केलेली नाही. शहरातले नाले, औद्योगिक सांडपाणी, कारखाने, गावोगावचे ओढे, सगळ्यांचा त्यात हात आहे. पण बाकीच्यांवर आंदोलनं झाली, नोटिसा निघाल्या, हायकोर्टात याचिका चालली. अंधारात सोडलेल्या गाडीवर कुणाची नोटीस निघणार?

माशांपेक्षा जवळचं उदाहरण हवं असेल तर २०१२ सालचं इचलकरंजी आठवा. काविळीची साथ आली, माणसं दगावली. पाण्यातून पसरणारी ही कावीळ एकाच वाटेनं येते: कुणाच्या तरी मैल्यातले विषाणू दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात पोचतात. ओढ्यात सोडलेली गाडी त्या वाटेवरच उभी असते.

सगळीकडे ड्रेनेज टाकून मोकळं का होत नाही?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो बरोबर आहे. जिथं वस्ती दाट आहे, तिथं ड्रेनेजला तोड नाही. कोल्हापूर शहराचं बरंचसं सांडपाणी जयंती आणि दुधाळी या नाल्यांतून वाहतं. ते अडवून पंपानं उचलून शुद्धीकरणाला न्यायचं, अशी रचना आहे. कसबा बावड्याचं केंद्र रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं, दुधाळीचं १७ दशलक्ष लिटरचं.

ही केंद्रं काय करतात, ते घरातल्या विरजणासारखं आहे. कालच्या दह्यातलं चमचाभर राखून आजच्या दुधात घालतो ना? तसंच आधीच्या पाण्यातला जिवाणूंनी भरलेला गाळ राखून नव्या सांडपाण्यात मिसळायचा, खालून हवा सोडायची, जिवाणूंना पोटभर खाऊ द्यायचं, मग सगळं शांत ठेवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी सोडायचं. हवा बंद पडली की विरजण मरतं. म्हणजे वीज हवी, चोवीस तास. पंप हवा, माणूस हवा, सुटा भाग बिघडला तर तो आणायला बजेट हवं.

ड्रेनेजची अडचण टाकायच्या खर्चापाशी संपत नाही, तिथून सुरू होते. मैला पाईपमधून उताराने वाहतो. जितकं लांब न्यायचं तितकं खोल खणायचं. खाली काळा पाषाण लागला की खर्च चढतो. उतार संपला की पंप बसवायचा. पाईपमध्ये मैला अडकू नये म्हणून त्यात पाणीही भरपूर लागतं. हे सगळं करायचं ते सरळ रस्ता नसलेल्या, आडवे-तिडवे प्लॉट पडलेल्या, निम्मे प्लॉट अजून मोकळे असलेल्या कॉलनीत. आपल्याकडे रस्ता झाला की आठवड्यात खणतात ही थट्टा जुनी आहे. ड्रेनेजसाठी तो आठ-दहा वर्षं खणलेलाच राहील.

हे दुखणं कोल्हापूरचं एकट्याचं नाही. युरोपात शहरं वाढायला शंभर-दीडशे वर्षं लागली आणि पाईप त्यांच्याबरोबर जमिनीत गेले. भारत, इंडोनेशिया, फिलिपिन्स, सेनेगल, केनिया अशा देशांत घरं आधी आली, तीही एका पिढीत. पाईप मागं राहिले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या हिशेबानं २०२२ मध्ये जगात सुमारे ३५० कोटी लोकांकडे ‘सुरक्षित’ स्वच्छता व्यवस्था नव्हती. ‘सुरक्षित’ या शब्दाची त्यांची अट लक्षात घ्या: संडास असून भागत नाही, मैला शेवटपर्यंत नीट जिरवला किंवा शुद्ध केला गेला पाहिजे. त्या ३५० कोटींत संडास असलेलेही पुष्कळ आहेत. माझी रात्रीची गाडी धरली तर मीही त्यांच्यातलाच.

टाकी शत्रू नाही

टाकी म्हणजे ड्रेनेज येईपर्यंतची तात्पुरती गैरसोय, असं आपण समजतो. त्यामुळे ती नीट बांधली जात नाही, उपसली जात नाही आणि तिचा मैला न्यायला जागा केली जात नाही. टाकीलाच कायमची व्यवस्था मानलं तर काय करावं लागेल? तळ-भिंती पक्क्या, शोषखड्डा खरा, ठरलेल्या वर्षी उपसा, आणि गाडीला जायला एक अधिकृत पत्ता.

त्या पत्त्यावर जे असतं त्याला मैला प्रक्रिया केंद्र म्हणतात. सोप्या प्रकारात वाळू-खडीचे मोठे वाफे असतात. त्यावर मैला पसरतात, पाणी खाली झिरपतं, वरचा गाळ उन्हात सुकतो. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालतो तसंच. (उपमा आवडणार नाही, पण दुसरी सुचत नाही.) झिरपलेलं पाणी वेगळं शुद्ध करतात, सुकलेला गाळ ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून खत करतात. देशातलं असं पहिलं शहरी केंद्र २०१५ मध्ये बेंगळुरूच्या विमानतळाजवळ देवनहळ्ळीला झालं. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं यासाठी राष्ट्रीय धोरणही आणलं.

पण मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते वाईत झालेलं काम. वाई म्हणजे आपल्याच कृष्णेच्या वरच्या अंगाचं गाव. तिथं नगरपालिकेनं, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीनं, २०१८ पासून टाक्या पाळीनं उपसायला घेतल्या. घंटागाडी येते तशी मैल्याची गाडी येते, वॉर्ड ठरलेला, प्रत्येक टाकीची पाळी साधारण तीन वर्षांनी. तुंबल्यावर फोन करायचा नाही, त्या रात्री ड्रायव्हरशी घासाघीस नाही. खर्च स्वच्छता कराच्या रूपानं वर्षावर्षाला विभागून घेतला जातो. ठेकेदाराला पैसे मिळतात ते काम झाल्याच्या हिशेबानं, म्हणून गाडी केंद्रावर पोचणं त्याच्याच फायद्याचं. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनंही हीच वाट धरली.

गाडी दिवसाउजेडी येते हे मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं. लपवण्यासारखं काही उरत नाही.

‘पण पैसे देणार कोण?’

आत्ताही आपणच देतो, फक्त तुंबल्यावर, एकदम आणि चढ्या दरानं. शिवाय बोअरचं पाणी फिल्टर करायला देतो आणि दवाखान्यात देतो, ते वेगळंच. तीन वर्षांच्या उपशाचा खर्च छत्तीस महिन्यांत वाटला तर महिन्याला एका कुटुंबाच्या दोन-चार चहांएवढा येईल.

“सक्ती कशाला, ज्याला हवं तो बोलवेल की,” असंही लोक म्हणतात. मलेशियानं हा प्रयोग करून बघितलाय. तिथं टाक्यांचा पाळीनं उपसा व्हायचा. २००८ नंतर ती जबाबदारी घरमालकावर सोडली आणि उपसा करून घेणाऱ्यांची संख्या घसरली. त्यात लोकांचा दुष्टपणा नव्हता. टाकी दिसत नाही, बोलत नाही, आणि भरली तरी पुढं वाहते. आठवण कशी यायची? फिलिपिन्सच्या मनिलात त्याच वर्षी तिथल्या सुप्रीम कोर्टानं खाडीच्या सफाईचा आदेश दिला आणि पाणी कंपन्यांना मैल्याचीही जबाबदारी घ्यायला लावली. तिथं खर्च पाण्याच्या बिलातच येतो. सेनेगलच्या डाकारमध्ये फोन केल्यावर गाडीवाल्यांची बोली लागायची सोय केली आणि दर खाली आले. रीत कुठलीही चालेल. आपल्याला घरफाळ्याची सवय आहे, तर घरफाळ्यातून घ्या. पण मग गाडी आलीच पाहिजे. स्वच्छतेचा कर घेऊन गाडी न आलेली गावंही महाराष्ट्राला नवीन नाहीत.

‘हद्दवाढ झाली की ड्रेनेज येईलच’

येईल. कुठं पाच वर्षांत, कुठं वीस. तोवर टाकीत पडणारं थांबणार नाही. आणि मधला मार्गही आहे. टाक्या ठेवायच्या, गाळ त्यांच्यातच अडवायचा, आणि फक्त मधलं पाणी बारीक, उथळ पाईपनं गोळा करायचं. घट्ट माल नसल्यानं पाईप तुंबत नाही, खोल खणावं लागत नाही. ते पाणी कॉलनीच्या खालच्या कोपऱ्यात खडीच्या वाफ्यात सोडायचं, ज्यात कर्दळ किंवा बोरू लावलेला असेल. मुळांशी राहणारे जिवाणू उरलेली घाण खातात, वर लाल-पिवळी कर्दळ फुलते, वीज जवळपास लागत नाही. ओपन स्पेसमध्ये मंदिर आणि बाकडी यांच्यामधे तेवढी जागा निघते. निघत नसेल तर ती कुणाच्या नावावर झालीय ते बघावं.

‘मैल्याचं खत? शी!’

आपल्या भाषेत त्याला सोनखत म्हणतात. ‘शी’ म्हणणाऱ्यांच्या पणज्यानं ते शेतात घातलंय. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग स्वतःच्या हातानं केले, तेही अशा काळात जेव्हा हे काम एका जातीच्या डोक्यावर टोपलीनं लादलेलं होतं.

पण सोनखताची अट एकच: वेळ. ताज्या मैल्यात जंतांची अंडी असतात आणि ती महिनोन्‌महिने टिकतात. ड्रायव्हर म्हणतो तसा ‘शेतकरी घेतला तर शेतात’ हा प्रकार धोक्याचा आहे, खास करून भाजीच्या शेतात. खेड्यात, जिथं जागा आहे आणि पाणी लागायची पातळी खोल आहे, तिथं दोन शोषखड्ड्यांचा संडास टाकीपेक्षा स्वस्त आणि बरा. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा चालू करायचा. बंद खड्ड्यात दीड-दोन वर्षांनी कोरडी, वास नसलेली माती उरते आणि मालक स्वतः फावड्यानं काढू शकतो. आमचा एक पाहुणा ती जोंधळ्याला घालतो. सांगत मात्र कुणाला नाही.

पुराचं काय करायचं?

इथं मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आपल्याकडे शाळकरी पोराला पाठ असतं. पाणी अंगणात आलं की टाकी वरून भरते, संडासातून उलटी येते, आणि नदी, गटार, टाकी सगळं एक होतं. नाल्याकाठचं पंपिंग स्टेशन बुडालं की ड्रेनेजही थांबतं.

करता येण्यासारखं एवढं: पूररेषेत टाकीचं झाकण आणि गॅसचा पाईप उंच घ्या, घरातून जाणाऱ्या पाईपला उलटं पाणी अडवणारी झडप बसवा, आणि पावसाळ्याआधी टाकी उपसून घ्या, म्हणजे पुरात मिसळणारा माल कमी. उपसल्यावर मात्र टाकी पूर्ण रिकामी सोडू नका. जमिनीखालचं पाणी चढलं की रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. दोन-तीन फूट साधं पाणी भरून ठेवा.

झाकणाखाली कुणी उतरायचं नाही

कुणीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा. टाकीतला हायड्रोजन सल्फाईड वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास देतो. जास्त झाला की नाकच बधिर करतो, वास येईनासा होतो, आणि माणूस एका श्वासात कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पेपरातल्या बातम्यांत एकाच टाकीत दोघं-तिघं गेल्याचं वाचतो ते यामुळे. २०१३ च्या कायद्यानं हाती मैला उचलायला लावणं आणि सुरक्षा साधनांशिवाय टाकी-गटारात माणूस उतरवणं गुन्हा ठरवलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. तळाचा घट्ट गाळ पंपाला ओढत नाही म्हणून ‘एक पोरगा उतरवू का’ असं कुणी विचारलं, तर नाही म्हणायचं. पाणी मारून गाळ पातळ करता येतो. वीस वर्षं न उपसलेल्या टाकीत तो दगड झालेला असतो, आणि मग माणूस उतरवायचा मोह तिथंच होतो.

हे सगळं मी गुरुजींना दोन-तीन संध्याकाळी हप्त्याहप्त्यानं सांगितलं. त्यांनी मान्य असं काही केलं नाही. पण काठीचा प्रयोग त्यांना आवडला: लांब बांबूला पांढरं फडकं गुंडाळायचं, टाकीच्या तळापर्यंत घालायचं, थोडं थांबून हळू वर काढायचं. फडकं जिथपर्यंत काळं, तिथपर्यंत गाळ. एक तृतीयांशाच्या वर गेलं तर गाडी बोलवायची. तपासणी म्हटल्यावर मास्तराचा जीव जागा होतोच.

रविवारी बांबू आणला, फडकं गुंडाळलं, मला बोलावलं. मग आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो, कारण झाकण कुठं आहे हे त्यांना आठवेना. काकूंनी आतून सांगितलं, “अवो, पोर्चच्या फरशीखाली हाय. गाडी घेतली तवा तुमीच फरशी घालून घेतली न्हवं का?”

गवंडी येत्या गुरुवारी येणार आहे.